मदत हवी आहे : क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचा दावा, हाती सात दिवस

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात आईसोबत राहते. २०२० पर्यंत एका सहल कंपनीच्या कार्यालयात तिकीट आरक्षणाचे काम करत होते. त्या वर्षीच्या फेब्रुवारीपासूनच आरक्षणे रद्द होऊ लागली, पगार निम्म्यावर आला आणि टाळेबंदीत नोकरीच गेली. माझ्या क्रेडिट कार्डाचा शेवटचा भरणा जानेवारी २०२० मधला आहे; ५ फेब्रुवारीला देय असलेली रक्कम मी भरू शकले नाही आणि त्यानंतर एक रुपयाही भरला गेला नाही. तेव्हा थकबाकी साधारण ८६,००० रुपये होती आणि त्यातला मोठा भाग वडिलांच्या शेवटच्या आजारपणातील औषधांचा होता. हे पैसे मी वापरले आहेत आणि ते मी नाकारत नाही.

या सोमवारी, १० मार्चला, दुपारी न्यायालयाचा बेलिफ घरी येऊन गेला. मी कामावर होते. वसुलीवाल्यांची पत्रे गेली तीन वर्षे येत असल्यामुळे आईला हेही त्यातलेच वाटले. तिने सही करून जाड लखोटा घेतला आणि वीजबिलासोबत देवघराच्या खणात ठेवून दिला. काल रात्री बिल शोधताना तो माझ्या हाती लागला. वर न्यायालयाचा गोल शिक्का आणि दाव्याचा क्रमांक आहे, आत दाव्याची प्रत आणि कार्डाच्या अर्जाची झेरॉक्स आहे. बँकेने २,४१,००० रुपये आणि पुढील व्याज मागितले आहे. समन्समध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ चा उल्लेख असून दहा दिवसांत हजर होण्यास सांगितले आहे.

आज होळी पेटवून आम्ही वर येतो तोच, रात्री ८.४० वाजता, वसुली एजंटाचा फोन आला. तो म्हणाला, "कोर्टाचं राहू द्या मॅडम, ते आम्ही बघतो. आज पंधरा हजार टाका, केस मागे घ्यायला लावतो. नाहीतर सोमवारी पोलीस घेऊन येतो." पैसे भरण्यासाठी त्याने पाठवलेला क्यूआर कोड कोणा व्यक्तीच्या नावाचा आहे, बँकेच्या नावाचा नाही. याच माणसाने गेल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या काकूंनाही फोन करून माझ्या कर्जाविषयी सांगितले. आई तेव्हापासून जिन्यात कोणाशी बोलत नाही.

समन्स माझ्याऐवजी आईने घेतले, तर ते मला मिळाले असे धरतात का? कर्जाला तीन वर्षे उलटून गेली की दावा चालत नाही असे मी ऐकले होते, ते येथे लागू होते का? आणि एजंटाला पंधरा हजार देऊन खरोखर काही थांबेल का? माझा आताचा पगार ३१,००० रुपये आहे. दहा दिवसांत संपूर्ण उत्तर लिहून द्यायचे असेल तर मी ते कसे करू, या विचाराने मला झोप लागलेली नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

ताई, मी वकील नाही, पण यातून गेलो आहे, म्हणून लिहितो. २०१७ साली माझ्या वैयक्तिक कर्जासंबंधी असेच समन्स आले होते. एजंट म्हणाला की साहेबांशी बोलून मिटवतो, आणि मी त्याच्यावर विसंबून न्यायालयात गेलोच नाही. मी पैसे एजंटाकडे देत राहिलो आणि तिकडे माझ्याविरुद्ध हुकूमनामा, म्हणजे पैसे देण्याचा न्यायालयाचा आदेश, झाला. मला ते कळले थेट कंपनीच्या लेखा विभागातून, पगार जप्तीचा आदेश तेथे पोहोचल्यावर. एजंटाला दिलेल्या तीन हप्त्यांची पावती माझ्याकडे नव्हती, त्यामुळे ते पैसे कुठल्याच हिशेबात आले नाहीत.

तेव्हा कळकळीने सांगतो, त्या क्यूआर कोडवर काहीही पाठवू नका. एजंट हा बँकेने नेमलेल्या एजन्सीचा माणूस असतो. दावा मागे घेण्याचा अधिकार त्याच्या हातात नसतो. समन्स खरे आहे याचीही खात्री करून घ्या, कारण न्यायालयाच्या कागदासारखे दिसणारे बनावट कागद दाखवून धमकावण्याचे प्रकारही होतात. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर दाव्याचा क्रमांक किंवा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकला की दावा कोणत्या न्यायाधीशांपुढे आहे, कधी दाखल झाला आणि पुढची तारीख कोणती, हे सगळे विनामूल्य दिसते.

दुसरा प्रतिसाद

मी जिल्हा न्यायालयात दिवाणी बाजूला वकिली करतो. आपले कागद मी पाहिलेले नाहीत. आपण लिहिले आहे त्यावरून सांगतो.

एकत्र राहणाऱ्या कुटुंबातील प्रौढ व्यक्तीने समन्स स्वीकारले, तर ते आपल्याला बजावले गेले असे धरले जाऊ शकते. त्यामुळे आईंनी सही केली हा बचाव धरून बसू नये. बजावणीचा दिवस सोडून मोजल्यास आपली मुदत गुरुवारी, २० मार्चला संपते. उद्या धूळवड आहे. सोमवारी, १७ तारखेला, सकाळीच न्यायालयात जा.

आता आपली झोप उडवणारी गोष्ट. आदेश ३७ खालचा दावा हा संक्षिप्त दावा असतो, म्हणजे ज्याला आम्ही रोजच्या बोलण्यात समरी सूट म्हणतो. त्यात या दहा दिवसांत संपूर्ण उत्तर द्यायचे नसते. स्वतः किंवा वकिलामार्फत हजेरी नोंदवायची आणि आपल्यावर पुढील नोटिसा बजावण्यासाठीचा पत्ता दाखल करायचा, एवढेच करायचे असते. त्याच दिवशी बँकेच्या वकिलांनाही हजर झाल्याची सूचना द्या आणि पोचपावती जपून ठेवा. हे न केल्यास दाव्यातील म्हणणे आपण मान्य केले असे समजून न्यायालय थेट हुकूमनामा करू शकते. साध्या दाव्यात लेखी कैफियतीसाठी, म्हणजे दाव्याला संपूर्ण लेखी उत्तर देण्यासाठी, ३० दिवस आणि न्यायालयाने मान्य केल्यास ९० दिवसांपर्यंत वेळ मिळतो. येथे तशी सवड नाही, आणि बरीच माणसे नेमकी येथेच चुकतात.

हजेरी नोंदवल्यानंतर बँक आपल्यावर निकालासाठीचे समन्स काढेल. ते मिळाल्यापासून पुन्हा दहा दिवसांत, प्रतिज्ञापत्रासह, बचाव करण्याची परवानगी मागणारा अर्ज द्यावा लागतो. बचावात काहीच तथ्य नसेल किंवा तो केवळ वेळकाढूपणाचा असेल, तरच ही परवानगी नाकारली जाते. पण एक कलम आधीच समजून घ्या. प्रतिज्ञापत्रात दाव्यातील काही रक्कम देणे असल्याचे मान्य केले, तर तेवढी रक्कम न्यायालयात भरल्याशिवाय परवानगी मिळत नाही. आपण वर ८६,००० रुपये सरळ मनाने मान्य केले आहेत. तो प्रामाणिकपणा सोडावा असे मी मुळीच म्हणणार नाही, शपथेवर खोटे तर कधीच लिहू नये. परंतु हिशेब तपासल्याशिवाय कोणताही आकडा प्रतिज्ञापत्रात जाऊ देऊ नका, आणि जो आकडा जाईल तो भरण्याची तयारी ठेवा.

हिशेब तपासायला जागा आहे. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने हप्ते लांबणीवर टाकण्याची सवलत जाहीर केली आणि ती पुढे ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत वाढवली. त्या काळातील व्याजावर व्याज किंवा दंडव्याज आकारू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२१ च्या निकालात सांगितले. आपण तेव्हा सवलत मागितली होती का, ई-मेल आहे का, हे शोधा. कार्डाची महिनावार विवरणपत्रे बँकेकडे लेखी मागा. ८६,००० चे २,४१,००० कसे झाले, हे नुसत्या एकूण आकड्यावरून कळत नाही.

दावा लावण्याच्या मुदतीविषयी मात्र आशा धरू नका. तीन वर्षांचा नियम खरा आहे आणि एरवी बँकेची मुदत फेब्रुवारी २०२३ मध्ये संपली असती. परंतु करोनामुळे १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा १० जानेवारी २०२२ चा आदेश आहे. १५ मार्चला जेवढी मुदत शिल्लक होती, ती १ मार्च २०२२ पासून पुढे मोजायची. आपल्या तारखांनुसार ती जानेवारी २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात कुठेतरी संपते. दावा नेमका कधी दाखल झाला, ते पाहून सांगा.

पोलिसांची धमकी पोकळ आहे. कार्डाची थकबाकी हा दिवाणी विषय आहे. हुकूमनामा झाला, तरी तो वसूल करण्यासाठी बँकेला वेगळी दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करावी लागते, आणि पगारातील पहिले १,००० रुपये व उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग जप्त करता येत नाही. ३१,००० पगारावर महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये जाऊ शकतात. भविष्य निर्वाह निधीला हात लावता येत नाही. घर आईंच्या नावावर असेल, तर आपल्या कर्जापायी त्याला धक्का लागत नाही. हे त्यांना आज रात्रीच सांगा.

वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करण्यास, तसेच नातेवाईक वा परिचितांसमोर कर्जदाराची अब्रू काढण्यास रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने मनाई केली आहे. ८.४० च्या कॉलची नोंद व क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट ठेवा, शेजारच्या काकूंकडून फोनची तारीख घ्या आणि बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. या तक्रारीने दावा थांबत नाही, म्हणून दोन्ही कामे स्वतंत्रपणे चालू ठेवा.

तडजोड करायची झाल्यास ती बँकेच्या पत्रावर रक्कम, तारखा आणि दावा मागे घेण्याची अट लिहून घेऊन करा, पैसे बँकेच्या खात्यातच भरा आणि न्यायालयात दोघांच्या सहीची तडजोड पुरसीस (तडजोडीच्या अटींचे लेखी निवेदन) दाखल होईल असे पाहा. लोक अदालतीत मिटले तर बँकेला कोर्ट फी परत मिळते, त्यामुळे तिथे बँकेचे अधिकारीही रक्कम कमी करायला राजी होताना मी पाहिले आहेत. मात्र लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नाही; जो हप्ता दर महिन्याला खरोखर भरता येईल, त्याच हप्त्यावर सही करा.

आणखी एक. महिलांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे. न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तेथे सोमवारी अर्ज केल्यास वकील मिळू शकेल. वकील मिळेपर्यंत थांबू मात्र नका, हजेरीचा अर्ज स्वतः देता येतो.

धागाकर्ती

आज १७ मार्च. आपणा दोघांचे आभार कसे मानू हे कळत नाही.

ई-कोर्ट्सवर पाहिले. दावा २० डिसेंबर २०२४ चा आहे, म्हणजे मुदतीच्या जेमतेम महिनाभर आधी. तो विषय माझ्यापुरता मिटला. सकाळी विधी सेवा प्राधिकरणात अर्ज दिला; तेथील बाईंनी समन्स वाचून आधी मला न्यायालयाच्या कार्यालयात पाठवले. हजेरी व पत्त्याचा अर्ज दोन प्रतींत दिला. माझ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊनच बाहेर पडले आणि बँकेच्या वकिलांना रजिस्टर पोस्टाने सूचना पाठवली. तक्रारही बँकेला ई-मेलने गेली आहे. एजंटाचे नंतर दोन फोन आले. दोन्ही वेळा मी दाव्याचा क्रमांक सांगून, जे असेल ते लेखी कळवा, एवढेच म्हटले.

आईला पोलिसांचे आणि घराचे समजावून सांगितले. तिने ते सगळे माझ्याकडून दोनदा वाचून घेतले आणि मग, घर नक्की जात नाही ना, असे पुन्हा एकदा विचारले.

जुन्या ई-मेलमध्ये एप्रिल २०२० चा माझा सवलतीचा अर्ज सापडला आहे, पण बँकेचे उत्तर सापडत नाही. निकालासाठीचे समन्स येण्याआधी त्या वर्षाची विवरणपत्रे हाती हवी आहेत. पाच वर्षांपूर्वीची, बंद झालेल्या कार्डाची विवरणपत्रे कोणी बँकेकडून मिळवली असतील, तर अर्ज शाखेत दिला की कार्ड विभागाकडे, आणि ती किती दिवसांत मिळाली, हे कृपया कळवावे.