मदत हवी आहे: एकाच नावाचे दोन चुलतभाऊ, आमचा कुठला?

नातवासाठी दोन्हीकडची वंशावळ करतेय. आमचा कुळवृत्तांत छापील आहे, ती बाजू मिटली. सूनबाई मॅसॅच्युसेट्सची. तिचं घराणं १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून इंग्लंडहून अमेरिकेतल्या प्लिमथला आलेल्या जॉन हाऊलंडपर्यंत जातं म्हणे.

तिच्या पणजीच्या वहीत जॉनची बायको म्हणजे तिथल्या वसाहतीचे गव्हर्नर कार्व्हर यांची मुलगी. पण गव्हर्नर ब्रॅडफर्ड यांच्या हस्तलिखितात ती जॉन टिलीची मुलगी एलिझाबेथ. ते हस्तलिखित १८५५ मध्ये लंडनच्या बिशपच्या ग्रंथसंग्रहात सापडलं, तोवर कार्व्हरचीच कथा चालत आली होती. इथं मी ब्रॅडफर्डला मानलं. तो त्याच जहाजात होता! जॉन १६७२ ला वारला की १६७३ ला, हाही घोळ सुटला. तेव्हा तिकडे नवं वर्ष २५ मार्चला लागायचं आणि तो गेला फेब्रुवारीत. (आपल्या पाडव्यासारखंच की!)

अडलंय पुढे. पाचव्या पिढीत एकाच गावात एकाच नावाचे दोन चुलतभाऊ. खरेदीखतात बायकोचं नाव एक, थडग्यावरच्या दगडावर दुसरं. बापाच्या मृत्युपत्रात नुसता ‘माझा मुलगा’. पहिली वारून दुसरं लग्न झालं, की दगड दुसऱ्याच भावाचा? तो दगड नंतरच्या कुणी बसवलेला दिसतो, म्हणून माझा कल खरेदीखताकडे आहे. सूनबाईंचे वडील मात्र दगडावर अडून बसलेत.

साक्षीदार, शेजारी, जमिनीच्या चतुःसीमा जुळवून अशी दोन माणसं कुणी वेगळी काढली आहेत का? सुरुवात कुठून करू? आणि तोवर वंशावळीत दोन्ही नावं लिहू की जागा कोरी ठेवू?