तासाची मिनिटं साठच का? मुलाला काय सांगू?

पाचवीची आई:
काल मुलगा वेळेच्या वजाबाकीत अडला. ५ तास २० मिनिटांतून ३ तास ४५ मिनिटं वजा करायची होती. त्याने एक तास उसना घेतला, त्याची १०० मिनिटं धरली आणि उत्तर काढलं १ तास ७५ मिनिटं. मी चूक दाखवली तर म्हणाला, "रुपयाचे पैसे शंभर, मीटरचे सेंटीमीटर शंभर, मग तासाचीच साठ कोणी ठरवली?" "पूर्वीपासून तसंच आहे" म्हणून मी वेळ मारून नेली. तेव्हापासून चुटपुट लागली आहे. कोणी नीट सांगेल का?

जुना गणित मास्तर:
ताई, वजाबाकी चुकली, पण प्रश्न लाखमोलाचा आहे. मी एकतीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं, हे मला एकाही मुलाने विचारलं नाही. मीही आपणहून सांगितलं नाही, याची आज खंत वाटते.

साठाने मोजायची रीत सुमेरची, म्हणजे आजच्या दक्षिण इराकची, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची. त्यांच्या वजनांतही ६० शेकेलांचा एक मिना. साठाला बारा संख्यांनी भाग जातो. शंभराला नऊच, आणि त्यांत तीन नाही. तिघांत शंभर वाटा, एक उरतोच. साठाचे वीस-वीस होतात. धान्य नि मजुरी वाटणाऱ्याला याचं मोल कळतं.

पुढे त्याच मुलखातल्या बाबिलोनच्या लोकांनी याच साठावर अपूर्णांक उभे केले. येल विद्यापीठात त्यांची तळहातावर मावेल एवढी मातीची वडी आहे. तिच्यावर चौरस, त्याचे कर्ण आणि १, २४, ५१, १० हे आकडे. म्हणजे १, अधिक २४ भागिले ६०, अधिक ५१ भागिले ३६००, अधिक १० भागिले २,१६,०००. हे दोनचं वर्गमूळ, दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत बरोबर! मी स्वतः ताळा केला तेव्हा अंगावर काटा आला.

ग्रीक ज्योतिर्विदांनी ही रीत उचलली. अंशाचे साठ बारीक भाग, त्यांचे पुन्हा साठ. लॅटिनमधल्या 'पहिल्या बारीक भागा'चं मिनिट झालं, 'दुसऱ्या'चं सेकंद. दिवसाचे चोवीस भाग मात्र इजिप्तचे.

फ्रान्सने १७९३ मध्ये दहा तासांचा दिवस आणि शंभर मिनिटांचा तास कायद्याने आणला. १७९५ मध्ये तो गुंडाळावा लागला.

पंचांगवाला:
आपल्याकडेही दिवसाच्या ६० घटिका, घटिकेची ६० पळं. मग हे इथूनच तिकडे गेलं असणार.

जुना गणित मास्तर:
तसं म्हणता येत नाही. वेदांग ज्योतिष या आपल्या प्राचीन ग्रंथात दिवसाच्या ६० नाडिका, म्हणजे घटिकाच, आहेत हे खरं, पण साठाच्या हिशेबाच्या सुमेरी वड्या त्याहून जुन्या आहेत. आपला जुना ज्योतिर्विद वराहमिहिर याने होरा, केंद्र हे मूळचे ग्रीक शब्द मोकळेपणाने वापरले. ज्ञान घेण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. पंचांगातल्या साठ संवत्सरांचा, म्हणजे नावं दिलेल्या वर्षांचा, हिशेब वेगळा, तो गुरू ग्रहाच्या पाच फेऱ्यांचा.

ताई, मुलाला हेही सांगा: घटिका म्हणजे २४ मिनिटं, पळ म्हणजे २४ सेकंद. आजी "घटकाभर टेक" म्हणाली की ती साठानेच मोजत असते.

पाचवीची आई:
मास्तर, आज त्याला साठ चिंचोके दिले. दोन, तीन, चार, पाच, सहा जणांत वाटून झाले, एकही उरला नाही. मग सातांत वाटायला बसला, चार उरले. आता विचारतोय, सातानेही भाग जाईल असा आकडा त्यांनी का नाही घेतला?

जुना गणित मास्तर:
त्यासाठी ४२० घ्यावे लागतील. तेवढे चिंचोके त्यालाच मोजू द्या.