फवारणीनं मातीतले जिवाणू खरंच मरतात का?

प्रश्न: आमची निम्मी जमीन रासायनिकवर आहे, निम्मी ३ वर्षांपासून सेंद्रिय. भाऊ म्हणतो तणनाशकानं माती मरते, पण विना नांगरणीवाले तर तणनाशकावरच शेती करतात आणि तरी त्यांच्या रानात गांडुळं भरपूर, हे कसं काय? जिवाणूंना नेमकं कोणतं औषध जास्त मारक ठरतं, कुणी नीट सांगा प्लीज.

उत्तर १: सगळी औषधं एकाच तराजूत घालू नका. सगळ्यात जबर म्हणजे जमिनीत धुरी देणारी, मेटॅम सोडियमसारखी, त्यात रोगाच्या बुरशीबरोबर कामाचेही जीव जातात आणि अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू परत यायला फार वेळ घेतात. त्याखालोखाल बुरशीनाशकं, कारण मुळांवरची, पिकाला मदत करणारी मायकोरायझा पण शेवटी बुरशीच ना. ग्लायफोसेट या तणनाशकाचं जरा वेगळंय, ते तणातलं जे एन्झाइम बंद पाडतं ते बऱ्याच जिवाणूंत आणि बुरशींतही असतं म्हणून काही जाती दबतात, पण काही जिवाणू तेच खाऊन वाढतात, त्यामुळे नुसती एकूण संख्या मोजली तर फारसा फरक दिसत नाही, आतली मंडळी मात्र बदललेली असतात.

उत्तर २: विना नांगरणीत बुरशीचे धागे तुटत नाहीत, वर काडीकचरा कुजत राहतो म्हणजे जिवाणूंना खायला असतं, शिवाय सेंद्रिय कर्ब बरीच औषधं धरून ठेवतो, म्हणून तणनाशकाचा मार तिथे कमी जाणवतो. मार बसतच नाही असं मी म्हणत नाहीये. आणि सेंद्रियवाल्यांनो, बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, त्यात तांबं असतं) जपून मारा!! तांबं कुजत नाही, वरच्या थरात वर्षानुवर्षं साठतं आणि गांडुळं, जिवाणू दोघांनाही त्रास देतं. युरोपियन युनियनने उगाच ७ वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा नाही घातली.

उत्तर ३: बीजप्रक्रियेचं कुणी बोललंच नाही. मी एकदा कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) आणि रायझोबियम (मुळांवर नत्राच्या गाठी करणारे जिवाणू) एकत्रच कालवून बियाण्याला चोळलं आणि तसंच २ दिवस ठेवलं, मुळांवर गाठी अगदी तुरळक आल्या, फार वाईट वाटलं. आता बुरशीनाशक आधी, ते सुकलं की पेरणीच्या अगदी तोंडावर रायझोबियम. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी वापरायची असेल तर कार्बेन्डाझिम नकोच.

प्रश्नकर्ता: बोर्डोचं खरंच माहीत नव्हतं, सेंद्रिय तुकड्यात आम्ही दर पावसाळ्यात मारतोय. आधी मातीतलं तांबं तपासून घेतो.