ताईला ल्युपस आहे, घरच्यांनी नेमकं काय करावं?

नीलमोहर:
ताईला ल्युपसचं निदान झालंय, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन (ल्युपस आटोक्यात ठेवणारी गोळी) आणि स्टेरॉइड चालू आहे. दिसायला ठणठणीत, पण दुपारपर्यंत तिच्या अंगात त्राण उरत नाही. विचारलं की "ठीक आहे" म्हणते आणि विषय संपवते. भाऊजींना आणि मला तिला मदत करायची आहे, पण आपण परावलंबी झालो असं तिला वाटायला नको. ज्यांच्या घरी असे आजार आहेत त्यांनी सांगा. औषधं बंद करायला लावणारे उपाय कृपया नकोत.

उंबरठा:
माझ्या नवऱ्याला बरीच वर्षं आमवात आहे. सकाळी तासभर तरी बोटं वळत नाहीत, म्हणून सकाळची घाईची कामं मी माझ्याकडे घेतली. "काही लागलं तर सांग" असं म्हणू नकोस. काय लागेल ते शोधून मागायचं कामही मग तिच्याच गळ्यात पडतं. त्यापेक्षा "आजचे कपडे मी वाळत घालते" असं नेमकं बोल. हा थकवा झोप काढून जात नाही, तेव्हा "जरा आराम कर" हे ऐकून ती कंटाळली असेल. आणि ठरलेला बेत तिने आयत्या वेळी रद्द केला तरी पुढच्या वेळी बोलवायचं सोडू नका. माणसं हळूहळू बोलवेनाशी होतात, ते फार लागतं.

सायसाखर:
औषधांचं लिहिते. स्टेरॉइड मनाने एकदम थांबवायचं नाही. ते चालू असताना शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल (शरीरातलं नैसर्गिक स्टेरॉइड) कमी बनवतं, त्यामुळे डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात. प्रतिकारशक्ती दबलेली असते, म्हणून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनसाठी सुरुवातीला डोळ्यांचा पडदा तपासून घेतात आणि साधारण 5 वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर त्याआधीच.

लघवीची तपासणी मात्र कधीही चुकवू नका. ल्युपस मूत्रपिंडावर जातो तेव्हा बहुधा काही दुखत नाही, लघवीतल्या प्रथिनांवरूनच कळतं. लघवीला फेस किंवा पायांवर सूज दिसली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. उन्हानेही आजार उसळतो. पूर्ण बाह्या, टोपी, सनस्क्रीन, आणि बाहेरची कामं ऊन उतरल्यावर.

उंबरठा:
भर घालते. पुढे मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) दिलं तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. आमच्याकडे वार ठरलेला आहे आणि गोळीच्या पाकिटावर तो मोठ्या अक्षरात लिहिलाय.

नीलमोहर:
खूप आभार दोघींचे. नातेवाईक "तुला काय झालंय, चांगली तर दिसतेस" म्हणतात, त्याचं काय करायचं?

उंबरठा:
ते उत्तर तिच्यावर सोडू नका. तिला चालणार असेल तर भाऊजींनी किंवा तू सांग, आजार आतल्या अवयवांचा आहे, चेहऱ्यावरून कळत नाही. कुणाला किती सांगायचं ते मात्र आधी तिलाच विचारा.