पूरपातळी नकाशासाठी क्रिप्टोत देणगी घ्यावी का?

कृष्णाकाठ_सांगली
सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी, कोयनेचा विसर्ग आणि किती फुटांवर कुठल्या गल्लीत पाणी येतं, हे नकाशावर दाखवणारी साइट आहे. सगळे स्वयंसेवक, ट्रस्टची नोंदणी अजून नाही. पातळी ४० फुटांच्या वर गेली की साइटवर झुंबड उडते आणि सर्व्हर वाढवावा लागतो. खर्च तेवढाच. दुबई-अमेरिकेतले सांगलीकर म्हणतायत, यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो नाणं) नाहीतर बिटकॉइन घ्यायचा पत्ता साइटवर टाका, लगेच पाठवतो. टाकावा का? आणि कुणाच्या नावावर?

हिशेबवही
खजिनदाराच्या वैयक्तिक वॉलेटवर, म्हणजे नाणी ठेवायच्या डिजिटल पाकिटावर, तर अजिबात नको. वर्षात मिळालेल्या अशा भेटी ५०,००० रुपयांच्या वर गेल्या की सगळी रक्कम त्याचंच उत्पन्न धरली जाते. पुढे विकताना नफा झाला तर त्यावर ३० टक्के कर, वर ४ टक्के सेस. खरेदी किंमत सोडून कुठलाच खर्च वजा होत नाही, एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातूनही नाही. शिवाय विक्रीवर एक्स्चेंज (नाणी खरेदी-विक्रीचा ऑनलाइन बाजार) १ टक्का टीडीएस कापतं तो वेगळाच. सर्व्हरचं बिल साइटचं आणि नोटीस खजिनदाराच्या घरी!

ट्रस्ट झाला तरी नाणी साठवता येत नाहीत. सार्वजनिक न्यासाचा शिल्लक पैसा बँकेत, पोस्टात किंवा सरकारी रोख्यांत ठेवायचा असतो. हरिपूरच्या पेवातली हळद आहे का ती, भाव येईपर्यंत ठेवायला? आली की विकायची, रुपये ट्रस्टच्या खात्यात. आणि देणगीदाराला ८०जीची करसवलत मिळेल असं चुकूनही लिहू नका, ती सवलत पैशातल्या देणगीला आहे, वस्तुरूप देणगीला नाही.

खरी मेख परदेशाची. त्या दुबईकरांचा पासपोर्ट कुठला, ते आधी विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँकमार्गाने पाठवलेले पैसे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली विदेशी देणगी ठरत नाहीत. ‘बँकमार्गाने’ हा शब्द महत्त्वाचा, वॉलेटवरून पाठवलं की ती वाट बंद. मग एनआरई किंवा एनआरओ (परदेशस्थ भारतीयांच्या इथल्या बँक) खात्यातून सरळ पाठवायला काय अडचण? अमेरिका, यूएईच्या मोबाइल नंबरवरून या खात्यांचं यूपीआयही चालतं.

मिरज_लोको
कराविषयी वर आलंच आहे. ट्रस्ट करून क्रिप्टो घ्यायचंच ठरवलंत तर एवढं सांभाळा.

यूएसडीटी एकच नाणं असलं तरी ते ज्यावरून फिरतं ती नेटवर्क (चेन) अनेक. पत्ता ‘टी’ने सुरू होत असेल तर ट्रॉन, ‘०एक्स’ने असेल तर इथेरियम, पण पॉलिगॉन आणि बीएनबी चेनचे पत्तेही ‘०एक्स’चेच. घोळ इथंच होतो. वॉलेट स्वतःचं, साधं एका किल्लीचं (गुप्त कोडचं) असेल तर अशा चुकीच्या चेनवर आलेलं त्याच किल्लीने काढता येतं, एक्स्चेंजचा पत्ता दिला असेल तर त्यांच्या मर्जीवर. म्हणून साइटवर पत्त्याशेजारी नेटवर्कचं नाव ठळक लिहा. ट्रॉनवरून पुढे पाठवायचं तर त्याच वॉलेटमध्ये शुल्कासाठी थोडे टीआरएक्सही (ट्रॉनचं स्वतःचं नाणं) लागतात, नाहीतर नाणी दिसतात पण हलत नाहीत.

किल्ली एकाकडे नको. तिघांपैकी दोघांची सही लागेल असं मल्टिसिग करा. सीड शब्द (किल्ली परत मिळवायचे शब्द) कागदावर, तीन वेगळ्या घरांत. तिन्ही घरं नदीकाठची नकोत, हे सांगलीत सांगायला नकोच. पहिल्यांदा अगदी किरकोळ रक्कम पाठवून, विकून, खात्यात रुपये येईपर्यंत पूर्ण फेरी तपासा. साइट हॅक झाली तर चोर आधी पत्ताच बदलतो, तेव्हा तो रोज जुळवून बघा.

अजिंक्यतारा_२
माणसांचाही विचार करा. विकिपीडिया चालवणारं विकिमीडिया फाउंडेशन २०१४ पासून क्रिप्टो घेत होतं. संपादकांनीच चर्चा करून नको म्हटलं आणि मे २०२२ मध्ये ते बंद झालं. विजेच्या वापराचा मुद्दा मोठा होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने पद्धत बदलल्यावर त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला, बिटकॉइन मात्र अजून वीजखाऊ मायनिंगवरच आहे. हवामानामुळे पूर वाढतायत म्हणणाऱ्या साइटवर बिटकॉइनचा पत्ता दिसला तर पहिला टोमणा तुमचाच स्वयंसेवक मारेल.

कृष्णाकाठ_सांगली
विचारलं. दुबईचे चौघेही भारतीय पासपोर्टवाले, त्यांना खाते क्रमांक देतो. अमेरिकेतल्या दोघांचं नागरिकत्व तिकडचं आहे. त्यांचं काय?

हिशेबवही
त्यांचे पैसे सध्या घेऊ नका, बँकेतूनही नाही आणि वॉलेटवरही नाही. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) असलं तरी ते विदेशी स्रोतच. एफसीआरए नोंदणीला संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि त्या काळात १५ लाख खर्च केलेली लागते, पैसेही आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. दोघांना कोड लिहायला बसवा. आणि दुबईचे पैसे खजिनदाराच्या बचत खात्यात घेऊ नका, ट्रस्टचा पॅन येईपर्यंत थांबा.