स्क्वॅशच्या बाटलीवर 'ज्यूस' लिहावं का?

संत्रापट्टा
विदर्भात वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडकडे घरगुती आणि बचत गटांच्या संत्र्याच्या बाटल्या मिळतात. माल चांगला असतो, खटकतं ते वरचं नाव. आत पाणी घालून प्यायचा घट्ट स्क्वॅश आणि लेबलवर ठळक अक्षरात 'संत्रा ज्यूस'. माझं म्हणणं सरळ आहे. ज्यूस म्हणजे फळ पिळून निघालेला रस. त्यात किलोमागे 15 ग्रॅमपेक्षा जास्त साखर घातली, तर एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) नियमाप्रमाणे 'स्वीटन्ड ज्यूस' लिहावं लागतं. स्क्वॅशची व्याख्याच वेगळी आहे: रस किमान 25 टक्के आणि विद्राव्य घटक, म्हणजे मुख्यतः साखर, किमान 40 टक्के. उघडून तसंच प्यायच्या आरटीएसला ('रेडी टू सर्व्ह' पेय) 10 टक्के रस पुरतो. तिन्ही माल विकायला मोकळीक आहे, पण एकाचं नाव दुसऱ्याला लावता येत नाही. तसं केलं की माल 'मिसब्रँडेड', म्हणजे चुकीच्या लेबलचा, ठरतो आणि 2006च्या अन्न सुरक्षा कायद्यात त्याला 3 लाखांपर्यंत दंड आहे.

वरूडचा गडी
भाऊ, कायदा कागदावर बरोबर हाये, पन लोकं ज्यूस कशाले म्हनतात ते पाहा ना. ज्यूस सेंटरवर मोसंबीच्या ज्यूसमंदी साखर, काळं मीठ अन् बर्फ असते. चिकूच्या ज्यूसमंदी तं दूधच जास्त. गिऱ्हाइकाले फसल्यासारखं वाटते का? नाई वाटत. त्याच्यासाठी फळाचं थंड, गोड पेय म्हंजे ज्यूस. 'स्क्वॅश' लिहिलं तं निम्मे लोक बाटली हातातच घेनार नाईत. अन् नागपुरी संत्र्याचा निव्वळ रस बाटलीत भरून विकाचा कसा? काढल्यावर काही तासांत कडू होते. मंग गावातल्या बायांनी हा शब्द कधी वापरूच नाई का?

फळप्रक्रिया
कडूपणाचा मुद्दा खरा आहे, म्हणून आधी त्यावर. संत्र्याच्या पांढऱ्या सालीत, फोडींच्या पापुद्र्यात आणि बियांत एक पदार्थ असतो, ज्याला स्वतःला चव नसते. रस काढताना हे भाग चिरडले की तो रसात उतरतो आणि रसातल्या आंबटपणामुळे त्याचं हळूहळू लिमोनिन होतं. ते कडू असतं. म्हणून रस ताजा असताना गोड लागतो आणि नंतर बिघडतो. तापवला की हेच काम झपाट्यानं होतं. कच्च्या फळात त्रास जास्त, झाडावर पूर्ण पिकलेल्या फळात कमी.

उपाय सोपा आहे पण वेळखाऊ. साल काढून फोडींवरचे पांढरे धागे पूर्ण काढायचे आणि मलमलच्या कापडातून हलक्या हाताने दाबायचं. स्क्रूच्या मशीनमध्ये टाकायचंच असेल तर दाब कमी ठेवायचा, बी फुटता कामा नये. शेवटचा थेंब काढायच्या नादात पूर्ण घाणा कडू होतो. एक किलो रसाला साधारण सव्वादोन ते अडीच किलो फळ लागतं, त्याहून कमी फळात भागत असेल तर पापुद्रेही पिळले जाताहेत असं समजा.

एवढं केलं तरी निव्वळ रस टिकवणं घरगुती युनिटला अवघडच. स्क्वॅश हाच योग्य माल आहे. पण मग त्याला स्क्वॅशच म्हणा.

मोर्शीची ताई
फळप्रक्रिया दादांच्या बाजूने हिशोबच मांडते. एक किलो रस, 1.6 किलो साखर, 1.2 लिटर पाणी, 30 ग्रॅम सायट्रिक ॲसिड. साखर, पाणी आणि ॲसिडचा पाक एक उकळी आणून गाळायचा, पूर्ण थंड करायचा आणि मगच रस मिसळायचा. शेवटी माल टिकवायला 2 ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट चमचाभर पाण्यात विरघळवून घालायचं. पाक गरम असताना घातलं तर त्यातला गंधकाचा वायू उडून जातो आणि पंधरवड्यात बाटली फसफसते. अंदाजाने चिमूटभर जास्त घातलं तर वास येतो आणि या वायूची 350 पीपीएमची (दहा लाख भागांत 350 भाग) मर्यादाही ओलांडली जाते. 2 ग्रॅममध्ये प्रमाण 300च्या आसपास राहतं. बाटली गळ्यापर्यंत भरू नका, दोन बोटं जागा सोडा.

आता पाहा, यात रस झाला 26 टक्के आणि विद्राव्य घटक 45 टक्के. नियमात बसलं. पण गिऱ्हाईक एक भाग स्क्वॅशमध्ये तीन भाग पाणी घालतं, म्हणजे त्याच्या ग्लासात रस उरला साडेसहा टक्के. आरटीएसच्या 10 टक्क्यांपेक्षाही कमी! याला ज्यूस कसं म्हणणार? आणि नाव वाचून कोणी तसंच प्यायलं, तर घोटभरातच घसा धरतो आणि बाटली परत येते.

वरूडचा गडी
ताई, हिशोब पटला. पन मोठ्या कंपन्या काय करतात? रस आटवून कॉन्सन्ट्रेट करतात, मंग त्यात पानी घालून डब्बा भरतात, अन् त्याले ज्यूस म्हनाची परवानगी! पानी त्यांनी घातलं तं ज्यूस, आमच्या बायांनी घातलं तं मिसब्रँडेड?

संत्रापट्टा
फरक आहे, गडी भाऊ. कॉन्सन्ट्रेटमधून जेवढं पाणी उडवलं तेवढंच परत घालायचं असतं, म्हणजे रस मूळ घट्टपणावर येतो. स्क्वॅशमध्ये बाहेरचं पाणी आणि बाहेरची साखर येते. आणि कंपन्यांनाही मोकळं रान नाही. अशा डब्यांवरचा '100 टक्के फ्रूट ज्यूस' हा दावा काढून टाका, असा आदेश एफएसएसएआयने जून 2024 मध्ये काढला. रस कॉन्सन्ट्रेटपासून परत तयार केला आहे, हेही त्यांना घटकांच्या यादीत लिहावं लागतं.

मोर्शीची ताई
लेबलवर वर 'संत्रा स्क्वॅश' आणि त्याच्या खालीच, तेवढ्याच ठसठशीत अक्षरात, 'एक भाग स्क्वॅश, तीन भाग थंड पाणी' लिहा. शब्द नवा असला तरी माणूस ग्लास कसा भरायचा ते वाचतो. रसाचे टक्केही लिहा, 26 म्हणजे लपवायचा आकडा नाही.

वरूडचा गडी
बाटलीपुरतं मानतो. तीन भाग पानी ठळक लिहाची गोष्ट कामाची हाये. पन बसस्टँडवरच्या गाड्यावर समोर फळ पिळून, साखर-मीठ घालून जो ग्लास देतात, त्याले मी ज्यूसच म्हनीन. तिथं गिऱ्हाईक डोळ्यांनी पाह्यते काय पडलं ते, अन् 'साखर नको' म्हनाले त्याचं तोंड मोकळं असते.

फळप्रक्रिया
गाड्यावरही माझी हरकत आहे. समोर पिळलं तर ठीक. पण सकाळीच पिळून बर्फात ठेवलेला रस दुपारी पाणी-साखर मारून ज्यूस म्हणून खपवतात, आणि साखर वाढवतात ती कडूपणा झाकायलाच.