ऑनलाइन बॅचलर्सचे जेन-एड कोर्सेस कुठून करू? (न्यू जर्सी, एच-४ म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसावरचा डिपेंडंट व्हिसा)

परसिपनीकर_ताई
नमस्कार मंडळी, पुण्यात एफवाय-एसवाय बीकॉम झालं होतं, मग लग्न झालं आणि इकडे आले. आता पोरं शाळेत जायला लागलीत म्हणून अकाउंटिंगचं ऑनलाइन बॅचलर्स करायचं डोक्यात आहे. अ‍ॅडव्हायझर बाईंनी शीट पाठवली, एकूण १२० क्रेडिट्स आणि त्यातली चाळीसेक नुसती जनरल एज्युकेशनची (जेन-एड, म्हणजे सगळ्यांना सक्तीचे सर्वसाधारण विषय)! इंग्लिश कॉम्प (निबंधलेखन), पब्लिक स्पीकिंग, हिस्ट्री, एक लॅब सायन्स, आर्ट्समधलं काहीतरी. अहो मला बॅलन्सशीट शिकायचीय, बायॉलॉजी दहावीनंतर सुटली तेव्हा पेढे वाटले होते आम्ही. आणि एका क्रेडिटची फी बघून नवरा गप्पच झालाय. हे बाहेरून स्वस्तात उरकता येतं का, आणि बीकॉमचे विषय धरतील का?

जर्सीची_मावशी
धरतात, पण आपोआप नाही. आधी विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट मागवून घे (याला वेळ लागतो, पुण्यात कुणी हेलपाटे घालणारं असेल तर बरं) मग डब्ल्यूईएस (परदेशी मार्कशीट तपासून देणारी संस्था) किंवा तुझी युनिव्हर्सिटी सांगेल त्यांच्याकडून इव्हॅल्युएशन, आणि ते कोर्स-बाय-कोर्सच घ्यायचं, साध्या रिपोर्टमध्ये विषयवार क्रेडिट्स नसतात. इकॉनॉमिक्स, मॅथ्स-स्टॅट्स लागायचा चान्स चांगला, इंग्लिश कॉम्पची मात्र फार आशा ठेवू नकोस.

बाकीचं काउंटी कॉलेजात (जिल्ह्याचं दोन वर्षांचं स्वस्त सरकारी कॉलेज) ऑनलाइन कर. न्यू जर्सीत काउंटी कॉलेजची एए किंवा एएस (दोन वर्षांची असोसिएट) डिग्री पूर्ण केलीस तर राज्याच्या पब्लिक युनिव्हर्सिटीत पहिली दोन वर्षं म्हणून धरतात, जेन-एड त्यातच आलं. एएएसला (थेट नोकरीसाठीची असोसिएट डिग्री) हे लागू नाही, नाव सारखं वाटतं म्हणून लोक फसतात. सुटे कोर्स करणार असशील तर एनजे ट्रान्सफर या राज्याच्या साइटवर कुठला कोर्स कुठे लागतो ते आधी बघ. एच-४ वर फेडरल एड मिळत नाही, त्यामुळे एफएएफएसएच्या (त्या मदतीचा अर्ज) मागे लागू नकोस.

कोथरूड_ते_डॅलस
क्लेपच्या परीक्षा बघा की, कोर्स न करता नुसती परीक्षा देऊन क्रेडिट मिळतं. कॉलेज बोर्डाच्या आहेत, बहुतेक दीड तासाच्या, शंभर डॉलरच्या आसपास फी, सेंटरची वेगळी. २० ते ८० स्कोअर, साधारण ५० ला क्रेडिट, पण काही कॉलेजं जास्त मागतात आणि काही घेतच नाहीत. मॉडर्न स्टेट्स नावाच्या साइटचा फ्री कोर्स केला की परीक्षेचं व्हाउचर मिळतं. हिस्ट्री, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी असल्या घोकंपट्टीला आपण तयारच असतो. नापास झालात तर तीन महिने थांबून परत.

नुसताच_वाचक
मला तर हा सगळा पैसे काढायचा धंदा वाटतो. अकाउंटंटला आर्ट अ‍ॅप्रिसिएशन कशाला??

जर्सीची_मावशी
@नुसताच_वाचक, मीही आधी कुरकुरले होते, पण पब्लिक स्पीकिंगचा ऑफिसात रोज उपयोग होतो. आमच्या ऑनलाइन कोर्सला भाषणाचा व्हिडिओ पाठवायचा होता, कॅमेऱ्यात आधी समोर बसलेले प्रौढ श्रोते दाखवायचे आणि मग सलग भाषण, मध्ये कट चालायचा नाही. शनिवारी पोह्यांचं आमिष दाखवून शेजारची दोघं आणि सासूबाई सोफ्यावर बसवल्या, विषय कंपोस्ट खत. सासूबाईंनी मध्येच उठून सांगितलं की लिंबाच्या साली घालू नका, झालं, परत पहिल्यापासून. हे क्लेपने होत नाही आणि होत असतं तरी मी नको म्हटलं असतं. लॅब सायन्सला घरी किट येतं, ओटा दोन तास अडतो एवढंच.

एमएस_वाला_भाऊ
माझा चुलतभाऊ एफ-१ वर (स्टुडंट व्हिसा) येतोय, त्याने पण असं ऑनलाइन केलं तर?

कोथरूड_ते_डॅलस
नको रे बाबा. एफ-१ ला फुल टाइम मोजताना एका टर्मला एकच ऑनलाइन क्लास, म्हणजे तीन क्रेडिट्सच धरतात. त्याला म्हणावं आधी डीएसओला (कॉलेजातला व्हिसाचं बघणारा अधिकारी) विचार. ताईंना एच-४ वर ही अट नाही.

परसिपनीकर_ताई
बाप रे, खूपच कळलं, थँक्यू. मग सगळंच बाहेरून आणून टाकू का?

जर्सीची_मावशी
सगळं नाही. बऱ्याच ठिकाणी शेवटची ३० तरी क्रेडिट्स त्यांच्याकडेच करावी लागतात. बाहेरच्या कोर्सचे सहसा क्रेडिट्सच येतात, ग्रेड जीपीएत (सरासरी गुणांकात) धरत नाहीत, पण सी च्या खाली असेल तर बऱ्याच ठिकाणी कोर्स घेतच नाहीत. कुठेही पैसे भरायच्या आधी अ‍ॅडव्हायझरकडून ईमेलवर लिहून घे की हा कोर्स अमुक रिक्वायरमेंटलाच लागेल, नाहीतर इलेक्टिव्हमध्ये (ऐच्छिक विषयांत) ढकलतात. फोनवर हो म्हणणाऱ्या बाई पुढच्या सेमिस्टरला तिथे नसतात.

परसिपनीकर_ताई
लगेच ईमेल टाकते. पोह्यांना बोलवायला माझ्याकडे सासूबाई नाहीत पण भिशीचा ग्रुप आहे 😄